‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधलं घर कसं वाचावं: वाचनगटासाठी आणि तालमीसाठी एक वाट

शेक्सपिअरच्या या नाटकावर चर्चा ठरली की बहुतेक गट बाल्कनीपासून सुरू करतात आणि थेट थडग्यापाशी पोचतात. मधलं घर राहूनच जातं. ज्युलिएटचं मरण मात्र त्या घरात शिजतं. तिचं लग्न कोण ठरवतं, तारीख कोण पुढे-मागे करतं, उंबरा ओलांडायला कोणाची परवानगी लागते आणि तिनं ‘नाही’ म्हटलं की काय होतं, हे चार प्रश्न हातात धरून संहिता वाचली तर पितृसत्ता हा जड शब्द उच्चारावाही लागत नाही. ती ओळीओळीत दिसते.

दीड तासाच्या चार बैठका पुरतात. गट आठ ते पंधरा जणांचा असावा. त्याहून मोठा झाला की अभिवाचनात निम्मे लोक नुसते ऐकत बसतात. प्रत्येकाकडे संहिता, दोन रंगांच्या पेन्सिली आणि गटाला एक मोठा कागद एवढं सामान लागतं.

आधी संहिता तपासा

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. हे नाटक १५९७ साली पहिल्यांदा छापलं गेलं, पण ती प्रत तोकडी आहे. १५९९ ची प्रत बरीच मोठी, आणि आजच्या बहुतेक आवृत्त्या तिच्यावर उभ्या आहेत. १६२३ च्या एकत्रित नाट्यसंग्रहातही ते आहे. शाळेसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांत आपल्याला हवा असलेला मजकूरच अनेकदा गाळलेला असतो, कारण तो अश्लील किंवा कंटाळवाणा वाटतो. म्हणून पुस्तक घेण्याआधी चार जागा उघडून बघा: पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशातले नोकरांचे भिंतीवरून चाललेले विनोद, तिसऱ्या प्रवेशात दाई आपल्या नवऱ्याचा जुना विनोद सांगते तो भाग, चौथ्या अंकाच्या सुरुवातीला ज्युलिएटला मागणी घालणारा पॅरिस आणि ज्युलिएट यांचं बोलणं, आणि शेवटच्या प्रवेशात दोन्ही बाप हात मिळवतात तो मजकूर. यातल्या दोन जागा जरी गायब असतील, तरी ती आवृत्ती या कामाची नाही. मराठी अनुवाद वापरत असाल तर हीच चाचणी त्यालाही लावा, आणि निदान एकाकडे मूळ इंग्रजी ठेवा. शिवीगाळीच्या जागी अनुवादक हळवे होतात.

पहिली बैठक: कोण कुठे जातं

मोठ्या कागदावर व्हेरोना, म्हणजे नाटकाचं गाव, काढा. कलेची गरज नाही. कॅप्युलेटांचं, म्हणजे ज्युलिएटच्या बापाचं घर, त्यामागची बाग, चौक, फ्रायर (धर्मगुरू) लॉरेन्सची खोली, गावाबाहेरचं झाडांचं बन, दुसरं गाव मान्टुआ आणि थडगं एवढ्या जागा पुरेत. एका रंगानं रोमिओच्या जागा जोडा, दुसऱ्या रंगानं ज्युलिएटच्या.

रोमिओची रेघ कागदभर पसरते. पहाटे तो बनात भटकत असतो, रात्री बोलावणं नसताना मेजवानीत घुसतो, भिंत चढून बागेत उतरतो, चौकात मित्रांबरोबर टवाळक्या करतो, हद्दपार होऊन मान्टुआला जातो, घोड्यावरून परत येतो. ज्युलिएट अख्ख्या नाटकात स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडते ती फक्त फ्रायरकडे, दोनदा. तिसऱ्यांदा तिला उचलून नेतात, थडग्यात. पहिल्या खेपेला दाई तिला विचारते, आज कबुलीजबाबाला जायची परवानगी मिळाली आहे ना? हा प्रश्न सगळे घाईत वाचून पुढे जातात. तिथे थांबा. या मुलीला घराबाहेर पडायला मिळणारं एकमेव मान्य कारण धर्म आहे, आणि तिनं लग्न त्याच कारणाआड उरकलं.

मग बागेतला प्रवेश वाचा, पण नकाशा समोर ठेवून. मूळ संहितेत ‘बाल्कनी’ हा शब्द कुठेही नाही. ती वरच्या खिडकीत आहे, तो खाली मोकळा आहे. तरीही त्या रात्री कामाचं बोलणं ती करते. तुझा हेतू लग्नाचा असेल तर उद्या निरोप पाठव, हे तिचं वाक्य आहे. तो चंद्राची शपथ घ्यायला निघतो तेव्हा ती त्याला थांबवते. आणि तो निघाल्यावर त्याला परत बोलवावंसं वाटतं तेव्हा ती म्हणते, ससाणा परत बोलावणाऱ्या शिकाऱ्याचा आवाज माझ्याकडे हवा होता. या प्रतिमेत शिकारी ती आहे आणि पक्षी तो. लगेच पुढची ओळ येते: बंधनाचा घसा बसलेला असतो, त्याला मोठ्यानं बोलता येत नाही. तिची सगळी बुद्धी आणि तिची सगळी कोंडी या दोन ओळींत आहे. या जागेला पंधरा मिनिटं द्या, कमी नकोत.

दुसरी बैठक: एकाच बापाचे दोन प्रवेश

ही बैठक सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश आणि तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश लागोपाठ वाचायचे, आणि दोन्हीकडे कॅप्युलेट एकाच व्यक्तीनं वाचायचा.

पहिल्यात पॅरिस मागणी घालतो तेव्हा बाप समजूतदार वाटतो. अजून चौदाची नाही, दोन उन्हाळे जाऊ दे, म्हणतो. तिच्याहून लहान मुली सुखी आया झाल्या आहेत, असं पॅरिस म्हणतो, त्यावर बापाचं उत्तर असं की एवढ्या लवकर आया झालेल्या लवकरच कोमेजतात. तिचं मन जिंक, माझी इच्छा हा तिच्या संमतीचा फक्त एक भाग आहे, असंही सांगतो. गटातले अनेक जण इथे म्हणतील, बाप चांगला आहे की. त्यांना म्हणू द्या. खोडू नका.

मग मधला छोटा प्रवेश, तिसऱ्या अंकातला चौथा, वाचा. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट रोमिओच्या हातून मेला आहे, सोमवारची रात्र आहे. कॅप्युलेट पॅरिसला म्हणतो, माझ्या मुलीच्या प्रेमाची हमी मी देतो, ती माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. बुधवार फार लवकर होईल, गुरुवार धरू. ज्युलिएटला कोणी विचारलेलं नाही. ती त्याच वेळी वरच्या मजल्यावर आपल्या नवऱ्याबरोबर, रोमिओबरोबर आहे. तारीख ठरवण्याचं हे दृश्य कुठल्याही लग्नाच्या बैठकीसारखं शांत, सभ्य आहे, आणि म्हणूनच ते वाचताना आवाज चढवू नका.

आता पाचवा प्रवेश. नटांची नेहमीची चूक म्हणजे बाप येताक्षणीच ओरडायला लागतो. संहितेत तो लाडानं येतो. मुलगी टिबाल्टसाठी रडते आहे असं समजून तिच्या अश्रूंची चेष्टामस्करी करतो, तिला होडी म्हणतो, समुद्र म्हणतो. मग बायकोला विचारतो, आपला ‘हुकूम’ तिला सांगितलास का? मूळ शब्द हुकूमनाम्याचाच आहे. नकार कळतो तिथून चढण सुरू होते. ज्युलिएट गुडघे टेकून एक शब्द ऐका म्हणते. तो म्हणतो बोलू नकोस, उत्तर देऊ नकोस, माझी बोटं शिवशिवताहेत. चर्चला आली नाहीस तर गुन्हेगाराला नेतात तशी फरफटत नेईन. आणि मग ती ओळ: तू माझी असशील तर मी तुला माझ्या मित्राला देईन, नसशील तर फास घे, भीक माग, उपाशी मर, रस्त्यात मर.

पहिल्यांदा हे सगळं कुजबुजत्या आवाजात वाचून घ्या. ओरडून वाचलं की श्रोते आवाजाला घाबरतात आणि शब्द निसटतात. हळू वाचलं की ‘देईन’ हे क्रियापद ऐकू येतं. कन्यादान हा शब्द ज्या भाषेत रोजचा आहे, तिथे या क्रियापदाकडे पुन्हा बघायला गटाला फारसं सांगावं लागत नाही.

वाचन झालं की एकच प्रश्न विचारा: या दोन प्रवेशांमध्ये बापाचं काय बदललं? उत्तरं येतील की तो रागीट आहे, दुःखात आहे, पुतण्या गेला आहे. टिबाल्ट त्याच्या बायकोचा भाचा आहे, हे जाता जाता दुरुस्त करा. ही सगळी कारणं खरी आहेत, पण आमच्या मते बापाचं तत्त्व बदललेलंच नाही. तिच्या संमतीला तो मान देत होता तोवर ती संमती त्याच्या सोयीची होती. इतर सगळ्या आशा मातीनं गिळल्या, हीच एक उरली, असं तो आधीच सांगून गेला आहे. ज्युलिएट एकुलती एक, म्हणजे वारस. पॅरिस हा राजाचा नातलग. टिबाल्टच्या मरणानंतर घराला आधार हवा आहे. प्रेमळ बाप आणि हुकूम सोडणारा बाप ही एकाच अधिकाराची दोन तोंडं आहेत, आणि प्रेमळ तोंड दिसतं म्हणून दुसरं नाहीसं होत नाही. हे गटाला स्वतः सापडलं पाहिजे, तुम्ही आधी सांगून टाकलंत तर दोन प्रवेश वाचण्याला अर्थ उरत नाही.

या बैठकीत हमखास एक अडथळा येतो: ‘त्या काळी असंच होतं.’ त्याला नेमकं उत्तर आहे. शेक्सपिअरनं ही कथा आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या दीर्घकाव्यावरून घेतली. तिथे मुलगी सोळा वर्षांची आहे. शेक्सपिअरनं ती तेराची केली. ३१ जुलैला ती चौदाची होणार, आणि नाटक त्याआधी पंधरवड्यावर घडतं. चर्चच्या कायद्यानं मुलीचं लग्न बाराव्या वर्षी चालत असलं तरी त्या वेळच्या इंग्लंडमध्ये सामान्य घरच्या मुलींची लग्नं पंचविशीच्या आसपास होत. म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकालाही हे वय टोचायचं. लेखकानं ते मुद्दाम खाली आणलं.

आणि ‘त्या काळी’ म्हणणाऱ्यांना मुंबईतला रखमाबाईंचा खटला आठवायला सांगा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवरा १८८४ मध्ये कोर्टात गेला, १८८७ मध्ये कोर्टानं नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद असा हुकूम दिला, आणि रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. संमतीवय दहाचं बारा करणारा कायदा १८९१ चा. काळ हे कारण सांगताना कोणाचा काळ, आणि त्याच काळात नाही म्हणणारं कोण होतं, हेही विचारावं लागतं.

तिसरी बैठक: पुरुष होण्याची सक्ती

पितृसत्ता म्हणजे बायकांवरचा अन्याय एवढंच धरून चाललात तर या नाटकातली निम्म्याहून जास्त मढी हिशेबाबाहेर राहतील. मर्क्युशिओ, टिबाल्ट, पॅरिस, रोमिओ, चौघेही तरुण पुरुष.

सुरुवात नोकरांपासून करा. कॅप्युलेटांचा नोकर सॅम्सन म्हणतो, मॉन्टेग्यूंच्या (रोमिओच्या घराण्याच्या) गड्यांना भिंतीपासून ढकलीन आणि त्यांच्या पोरींना भिंतीशी. भांडण मालकांचं आहे आणि बलात्काराची बढाई हा त्यातला अगदी सुरुवातीचा एक विनोद आहे. हसून सोडून देऊ नका आणि भाषणही देऊ नका. मोठ्यानं वाचा, क्षणभर शांत राहा, पुढे जा.

मग मेजवानी. टिबाल्टला रोमिओचा आवाज ओळखू येतो, तो तलवार मागतो. कॅप्युलेट त्याला सगळ्यांदेखत झापतो: इथला मालक मी की तू? आता तू मर्द होणार काय? घरच्या कर्त्यानं पाणउतारा केलेला हा तरुण दुसऱ्या दिवशी चौकात रोमिओला गाठतो. अपमान वरून खाली घरंगळत जातो, आणि जिथे थांबतो तिथे कोणीतरी मरतं.

चौकातल्या प्रवेशात रोमिओ तासाभरापूर्वी लग्न करून आलेला आहे, टिबाल्ट आता त्याचा सोयरा आहे. तो लढायला नकार देतो. त्याचा हा नकार त्याचा मित्र मर्क्युशिओ याला लाजिरवाणी शरणागती वाटते आणि तो स्वतः तलवार उपसतो. मर्क्युशिओ मरणाच्या दारात असतो तेव्हा रोमिओ म्हणतो, ज्युलिएट, तुझ्या सौंदर्यानं मला बायकी केलं, माझ्या पोलादाला मऊ केलं. पुढच्याच क्षणी टिबाल्ट मेलेला असतो. आपल्याकडे ‘हातात बांगड्या भरल्यात का’ हा टोमणा जे काम करतो, तेच काम इथे रोमिओ स्वतःवर करतो आहे. बाहेरून कोणी म्हणायचीही गरज उरलेली नाही.

यानंतर फ्रायरच्या खोलीतला प्रवेश घ्या. रोमिओ जमिनीवर लोळून रडतो आहे. दाई म्हणते उठ, पुरुष आहेस ना. फ्रायर म्हणतो तुझे अश्रू बाईचे आहेत. त्याला जीव लावणारी दोन माणसं त्याला धीर देताना हेच शब्द वापरतात. कागदावर एक यादी करा: ‘मर्द’, ‘पुरुष’, ‘बायकी’ अशा अर्थाचे शब्द कोण, कोणाला, केव्हा म्हणतं आणि त्यानंतर दहा ओळींत काय घडतं. यादी पूर्ण झाली की ती भिंतीवर लावून ठेवा, चौथ्या बैठकीला लागते.

एक उलटी जागाही सोडू नका. लग्नाच्या धांदलीत कॅप्युलेट म्हणतो, आज मीच घरची बाई होतो, आणि रात्रभर स्वयंपाकघरात लुडबुडतो. दाई त्याला बायकांच्या कामात नाक खुपसणारा म्हणून झोपायला पिटाळते. ‘पाचसहा मित्र बोलावू’ म्हणणारा हा माणूस वीस आचारी बोलावतो. प्रवेश हलकाफुलका आहे. वरच्या खोलीत मुलगी फ्रायरनं दिलेलं औषध पिऊन मेल्यासारखी निपचित पडली आहे.

चौथी बैठक: आई, दाई आणि शेवट

नाटकात बोलणाऱ्या बायका चारच: ज्युलिएट, तिची आई, दाई आणि रोमिओची आई. दोन्ही आयांना स्वतःचं नाव नाही, नवऱ्याच्या घराण्याचं नाव हीच ओळख. रोमिओची आई पहिल्या प्रवेशात तीन ओळी बोलते, शेवटी ती मुलाच्या विरहानं गेल्याची बातमी येते.

ज्युलिएटच्या आईला खलनायिका करणं हा सोपा आणि चुकीचा रस्ता आहे. तुझ्या वयाची असताना मी तुझी आई झाले होते, असं ती सांगते, म्हणजे ती अठ्ठाविशीच्या आसपासची. नवरा तिच्याहून कितीतरी मोठा. मुलीशी लग्नाचं बोलायचं तर ती आधी दाईला बाहेर घालवते आणि लगेच परत बोलावते. एकटीनं हे बोलायला तिला जमत नाही. वाचणारीला हा अडखळा दाखवू द्या. हीच बाई पुढे मुलीला म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, तुला हवं ते कर, माझा तुझा संबंध संपला. टिबाल्टच्या सूडासाठी रोमिओला विष घालायचा बेतही तीच आखते. जिनं सगळं सोसून घरात जागा मिळवली, तीच त्या घराचे नियम सगळ्यात कडकपणे राखते, हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

दाईचं अवघड आहे. बापासमोर ज्युलिएटची बाजू घेणारी ती एकटी. बाप गेल्यावर मात्र ती म्हणते, पॅरिसशीच कर, रोमिओ त्याच्यापुढे फडकं आहे. गट तिला गद्दार म्हणेल. तिच्या जागी उभं राहायला सांगा: पगारी बाई, स्वतःची मुलगी सुझन लहानपणीच गेलेली, हे घर सुटलं तर कुठे जाणार? ती ज्युलिएटला जगण्याचा जो एकच रस्ता माहीत आहे तो सांगते. ज्युलिएट त्या क्षणापासून एकटी पडते. यापुढे तिचा प्रत्येक शब्द दुहेरी आहे. बापासमोर गुडघे टेकून ‘यापुढे तुमच्याच आज्ञेत’ म्हणते, आणि बाप खूश होऊन लग्न एक दिवस अलीकडे ओढतो. आज्ञाधारकपणाचं बक्षीस हे, आणि त्यानंच फ्रायरचा बेचाळीस तासांच्या झोपेचा बेत कोसळायला सुरुवात होते. ‘नशीब’ म्हणणाऱ्यांना हा प्रवेश दाखवा.

पॅरिस सभ्य आहे, त्यानं ज्युलिएटला कधी शिवी दिलेली नाही. फ्रायरकडे तो तिला म्हणतो, तुझा चेहरा माझा आहे आणि तू त्याची बदनामी केलीस. ती म्हणते, असेलही, तो माझा स्वतःचा नाहीच. ही जोडी दोनदा वाचा, दुसऱ्यांदा भूमिका बदलून. शेक्सपिअरच्या रंगमंचावर ज्युलिएट मुलगेच करत, आणि स्त्रीपार्टाची परंपरा मराठी प्रेक्षकाला सांगावी लागत नाही. पुरुषाच्या तोंडून ते उत्तर ऐकलं की खोलीत वेगळीच शांतता पसरते.

गटात सोळा-सतरा वर्षांची मुलं असतील तर शेवटचा प्रवेश वाचण्याआधी दोन मिनिटं थांबा. या नाटकात आत्महत्या सुंदर भाषेत येते, हे स्पष्ट सांगा, आणि ‘अमर प्रेम’ हा शब्द चर्चेत वापरू नका. कोणाला बाहेर बसायचं असेल तर बसू द्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा आणि कोणाकडेही न बघता सांगा की हा चोवीस तास चालतो.

थडग्यापाशी शेवटची कामगिरी: ज्युलिएटच्या शेवटच्या शब्दानंतर बोलणाऱ्यांत बायका किती, ते मोजा. एकच, तिची आई, आणि तीही पाचेक ओळींपुरती. दाई तिथे नाहीच. उरलेलं सगळं पुरुष बोलतात. कॅप्युलेट मॉन्टेग्यूचा हात मागतो आणि म्हणतो, हीच माझ्या मुलीची जॉइंचर समज. जॉइंचर म्हणजे वधू पुढे विधवा झाली तर तिच्यासाठी वराकडच्यांनी करायची तरतूद. मुली-मुलाच्या प्रेतांवर उभं राहूनही लग्नाचा व्यवहार पुरा केला जातो. मॉन्टेग्यू त्यावर तिचा सोन्याचा पुतळा उभारायचं वचन देतो.

आज व्हेरोनात ‘ज्युलिएटचं घर’ म्हणून दाखवतात तिथे सोन्याचा नाही, पण ब्राँझचा पुतळा आहे. तिथली बाल्कनी विसाव्या शतकात बसवलेली. पुतळ्याच्या उजव्या स्तनाला हात लावला की प्रेमात यश येतं अशी समजूत आहे, आणि इतक्या हातांनी तो मूळ पुतळा झिजून तडकला की २०१४ मध्ये तो आत हलवून जागी प्रतिकृती ठेवावी लागली. त्या पुतळ्याचं छायाचित्र आणा, तिसऱ्या बैठकीतल्या यादीशेजारी लावा, आणि पॅरिसची ओळ पुन्हा एकदा वाचायला सांगा.